बस बंद की बस बंत

मंगळवार, भालकी

अजून हसू यायलंय. चौकातले रस्ते सुधारायचेत म्हणून आज नगरपालिकेत लोकांची मतं विचारायला सभा होती. उदगीरची बस चौकात न थांबवता बायपासला थांबवायची म्हणे. मग खेड्यातल्या बायका माझ्या बांगडीच्या दुकानापर्यंत कशाला येतील? म्हणून खेड्यातल्या जावेला घेऊन गेले. बेंगळूरचा साहेब कन्नडात सांगत होता, चौकात बस कोणी धरतच न्हाई.

मी बोलायला उठले, तेवढ्यात दारातून चहावाला अण्णा ओरडला, "बस बंत." कन्नडात म्हणजे बस आली. जन्मभर दोन्ही भाषा बोलते, तरी मला कामून 'बंद' ऐकू आलं? डोकंच फिरलं. "बंद? कुणाला विचारून बंद?" म्हणत टेबलावर हात आपटला. मागं खुर्च्या सरकल्या. वाटलं, अख्खी सभा माझ्या बाजूनं उठली. वळून बघते तर सगळे पिशव्या घेऊन दाराकडं पळायलेत. जाऊसुद्धा. "अक्का, बंद न्हाई, आली," एवढं बोलून गेली.

साहेब खिडकीत गेला. खाली चौकात निम्मी सभा उदगीरच्या बसच्या दाराला लोंबकळत होती. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "बसथांबा इथंच राहावा, असं लिहून पाठवतो. अम्मा, तुम्ही काय सांगणार होता?"

सकाळपासून पाठ केलेलं कन्नडातलं भाषण कुठं गेलं कोण जाणे. तोंडातून एवढंच निघालं, "बस बंत."