विहिरीकडची ओळ

प्रिय मोना,

तुला पत्र लिहिण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिलं तू जळगावला हॉस्टेलला होतीस तेव्हा लिहिलं होतं. त्यात ‘अभ्यास कर, जेवण वेळेवर कर’ यापलीकडे काही नव्हतं आणि तू ते सुट्टीत घरी आल्यावर सगळ्यांसमोर साभिनय वाचून दाखवलंस. हे मात्र कुणासमोर वाचू नकोस. भूषणरावांना दाखवायचं की नाही ते तू ठरव. तुझी आई सकाळपासून म्हणतेय, एवढं काय लिहीत बसलाय, फोन करा ना. तिला वाटतंय, तू बाळंतपणाला ये म्हणून मी तुला गळ घालतोय. तिने पाळणा माळ्यावरून काढून धुऊन ठेवलाय, गोधडीला तुझी जुनी फ्रॉकं लावलीत आणि सातव्या महिन्यात तू आलीस की डोहाळजेवणाला कुणाकुणाला बोलवायचं तेही ठरवून टाकलंय. तू मात्र ‘बघू’ म्हणतेस. डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात, असं तू आईला सांगितलंस. धुळ्याहून आपलं गाव असं केवढंसं लांब आहे ते मला माहीत आहे, आणि तू कशामुळे ‘बघू’ म्हणतेस तेही. आईला अजून माहीत नाही.

जानेवारीतल्या त्या रविवारबद्दल आपण दोघं एक शब्दही बोललो नाही. तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलीस. मी स्टँडवर सोडायला आलो, तुझी पिशवी वर ठेवली आणि ‘पोचलीस की फोन कर’ म्हणालो. तू मान हलवलीस. एरवी तू खिडकीतून हात बाहेर काढून मला चिडवतेस, नाना घरी जा, उन्हाने काळे व्हाल म्हणून. त्या दिवशी तू समोरच्या सीटकडे बघत होतीस. घरी येताना मला तुझा फार राग आला होता. बापाला असं तोंडात मारल्यासारखं वागवायचं म्हणजे काय, असं वाटलं. तो राग आठ दिवस पुरला.

मी कसा माणूस आहे हे गावाला विचार. शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून पंधरा ऑगस्टला मुलांना प्रामाणिकपणावर भाषण मीच देतो. रुपचंद नानाच्या शब्दाला वजन आहे म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू. अभिमन दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तेव्हा मी त्याला भर चौकात उभा केला होता, आठवतं? किटली त्याच्याच हातात देऊन विचारलं होतं, हे तुझ्या लेकराला पाजशील का? माणसं जमली होती. बिचारा खाली मान घालून उभा होता. हल्ली मी चौकातून न जाता मागच्या गल्लीने जातो.

कारण आपल्या वावरात विहिरीकडची ओळ होती. तुझ्या जन्माच्या आधीपासून होती. बाकीच्या दोन एकरांतली वांगी बाजारची, आणि विहिरीला लागून एक ओळ घरची. घरच्या ओळीवर औषध मारायचं नाही. तिथलं वांगं किडकं निघालं तर निघालं, पोखरलेला भाग चिरून काढायचा आणि बाकीचं रांधायचं. बाजारच्या वांग्याला तसं चालत नाही. तिथे एक भोक दिसलं की व्यापारी अख्खं कॅरेट बाजूला सारतो. म्हणून दर आठवड्याला फवारणी, आणि फवारलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोडा. बाटलीवर किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. आपल्या शिवारात ते कुणी वाचत नाही, आणि मी वाचून विसरतो. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. उलट पाहुण्यांना मी मोठ्या अभिमानाने सांगायचो, घ्या, पोटभर खा, हे घरच्या ओळीतलं आहे. या वाक्याचा दुसरा अर्थ काय होतो हे तीस वर्षांत एकाही पाहुण्याने विचारलं नाही. त्यांच्याही वावरात अशीच एक ओळ असणार.

तर तो रविवार. तुझे सासू-सासरे, त्यांच्याकडची माणसं, सगळी मिळून पंधरा. भरिताचा बेत मीच घातला होता. कामावरच्या भागाबाईला सांगितलं, विहिरीजवळ टोपली भरून ठेवलीय, तीच वांगी भाजायला घे. ती आणि बाकीच्या बाया कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून बसल्या. तुझ्या सासऱ्यांना मी मोटार दाखवत होतो, ठिबक दाखवत होतो, मोठेपणा करत होतो. परत आलो तर वांगी सोलून लाकडाच्या बडगीत पडली होती, ठेचायचं काम जोरात चाललं होतं, मिरची-लसणाचा वास सुटला होता. आणि टोपलीशेजारी बाजारचं एक कॅरेट अर्धं रिकामं. भागाबाईने बघितलं, पंधरा माणसं आणि टोपली एवढीशी. नानाच्या दारात पाहुण्यांना कमी पडायला नको म्हणून तिने चांगली तुकतुकीत वांगी निवडून कॅरेटमधून घेतली होती. आदल्याच दिवशी त्या भागात फवारणी झालेली. मी तिला पंपाच्या खोलीमागे बोलावलं आणि हळूच म्हणालो, हे पाहुण्यांना वाढू नकोस. तिने मला विचारलं, “मंग भाऊ, हाई भरीत आते कोन खाई?” आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, तुम्ही बाया घेऊन जा सगळं, डबे भरून.

खोलीच्या आत तू हात धूत होतीस. नळ बंद झाल्याचा आवाज मला आला होता.

पुढचं तू पाहिलंसच. आईने घाईघाईने पातोड्यांची भाजी केली, विहिरीकडची उरलीसुरली कोवळी वांगी भाजून जेमतेम घासभर भरीत प्रत्येकाच्या पानात पडलं. तुझ्या सासूबाई म्हणाल्याही, एवढीशी वांगी पण काय गोडी. तू ताटाला हात लावला नाहीस. मळमळतंय म्हणालीस. सगळ्यांना ते खरं वाटलं, दिवसच तसे होते. बाया डबे घेऊन बांधावरून हसत-बोलत गेल्या. भागाबाईचा डबा सगळ्यात मोठा, कारण तिची किरण दिवाळीपासून माहेरी आहे. तुझ्यापेक्षा दीड महिना पुढे आहे ती. लहानपणी तुम्ही दोघी एकाच बाजेवर झोपायच्या दुपारी. तुला ते आठवलं असणार. मला त्या क्षणी ती आठवलीही नाही.

राग ओसरल्यावर मी स्वतःला समजावून पाहिलं. सगळेच करतात. औषध सरकारमान्य दुकानातून आणतो. मी काय विष कालवतो का? भाजल्यावर, सोलल्यावर काय उरतं? एकेक मुद्दा बरोबर वाटायचा. मग प्रश्न यायचा, असं असेल तर पाहुण्यांना का नाही वाढलं? मी काही अजाण नव्हतो, मोना. मला नक्की ठाऊक होतं म्हणून तर मी तिला खोलीमागे नेलं. ज्या गोष्टीसाठी माणूस आवाज खाली आणतो ती त्याला माहीत असते.

शेवटी मी भागाबाईच्या घरी गेलो. वीस वर्षं ती आपल्याकडे कामाला येते, आणि मी तिच्या ओट्यावर पहिल्यांदा बसलो हेही तिथे बसल्यावर लक्षात आलं. तिला सांगितलं, बाई, वावरातलं वांगं घरी नेत जाऊ नका, किरणला तर मुळीच देऊ नका, त्यावर औषध असतं. मला वाटलं होतं ती दचकेल, रडेल, मला चार शब्द बोलेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, “भाऊ, मले काय ठाऊक नही का? पंप मन्हाच पाठवर ऱ्हास.” खरंच की. फवारणीचा पंप तिच्याच पाठीवर असतो, तिला मी काय नवीन सांगणार होतो? मग नेतेस कशाला, असं मी विचारलं. तर म्हणे, तुम्ही मायेने देता, तर नाही कशी म्हणू? किरण आतून चहा घेऊन आली. तिचे पाय सुजलेत. तिने मला ‘मोना कशी आहे’ असं विचारलं.

त्यानंतर मी विहिरीकडची ओळ उपटून टाकली. आई दोन दिवस भांडली. तिचं म्हणणं, परसात चार झाडं आपल्यासाठी लावणं हे काय पाप आहे? तिचं चूक नाही. पण आपल्यासाठी वेगळं काढलं की बाकीच्याचं काय होतं याची चौकशी करायची आपल्याला गरजच उरत नाही, हे मी तिला समजावू शकलो नाही. आता आपल्या घरात बाजारच्याच वाफ्यातलं वांगं शिजतं. तेच आपण खायचं म्हटल्यावर बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचायला लागलो. छापलंय तेवढे दिवस थांबतो, मगच तोडा. भागाबाईला तोंडाला बांधायला आणि हातात घालायला नीट सामान आणून दिलं, वीस वर्षांनी. या थांबण्यात माल जून होतो, अळी पडते, व्यापारी तोंड वाकडं करतो. फार मोठा सुधारलोय असं समजू नकोस. मागच्या मंगळवारी अळी इतकी दिसली की मी घाबरून पुन्हा फवारलं आणि दोनच दिवसांनी तोडा करायला निघालो. बाया वावरात शिरल्यावर त्यांना परत फिरवलं. फिरवेपर्यंत एक कॅरेट भरलं होतं. ते मी पुरलं. गावात आता मला खुळा म्हणतात, आणि अभिमन दूधवाला सगळ्यात मोठ्याने म्हणतो. त्याला तो हक्क आहे.

आता ज्यासाठी बसलो ते लिहितो. आपला माल जागेवरून उचलला जातो, गाडीवाल्या निंबाची पिकअप येते, कॅरेटं चढतात, गाडी जाते. कुठे जाते हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. सुरतेला, मुंबईला, कुठेतरी लांब, न बघितलेल्या लोकांकडे जात असेल असं धरून चाललो होतो. परवा निंबा चहाला थांबला तेव्हा सहज विचारलं. तो कौतुकाने म्हणाला, “नाना, डिसेंबरपासून तुम्हनं वांगं देवपूरना बजारमा जास. मोनाताईना घरजवळच!” मोना, तू मला नाताळच्या सुट्टीत भरिताचा फोटो पाठवला होतास. खाली लिहिलं होतंस, नाना, आमच्या मंडईत अगदी आपल्या घरच्यासारखं वांगं मिळालं, या आठवड्यात तिसऱ्यांदा केलं. मला इतका आनंद झाला होता की तो फोटो मी चार जणांना दाखवला. त्या महिन्यात मी दर शनिवारी फवारत होतो आणि दर सोमवारी तोडत होतो. ते वांगं माझंच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही, नसेल असंही नाही. तुला काही झालेलं नाही, होणारही नाही, असं मन म्हणतं. पण माझ्या मनाने म्हणण्यावर आता मी तुला सोडणार नाही. सोबत दुसरा कागद आहे. त्यावर औषधाचं नाव, किती पाण्यात किती मारलं आणि कोणत्या तारखांना, हे सगळं बाटली समोर ठेवून उतरवलंय. तो उद्याच तुझ्या डॉक्टरांना दाखव. ते काय म्हणतात ते मला कळव, राग असला तरी कळव. बाळंतपणाला यायचं की नाही ते मग ठरव, मी त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. आईला मी आज दुपारी सांगतोय. तसाच एक कागद काल किरणकडे दिला, आणि शुक्रवारी तिला घेऊन दवाखान्यात मी स्वतः जाणार आहे. पण तुझ्यापासून लपवत नाही, मोना. ती इथे, वावराच्या कडेला, रोज डोळ्यांसमोर होती, तरी हा कागद लिहावा हे मला सुचलं ते तुझा फोटो आठवल्यावर. पहिला कागद तुझा लिहिला. तिचा नंतर.

तुझाच,
नाना