खोक्यावर हजार, आत चाळीस

सॅन अँटोनियो, मंगळवार

प्रिय चेमा,

घरात काय आलं ते आधी लिहिते. गाडीच्या मागच्या काचेखाली बसतात तसले लांबट स्पीकर, जोडी, ऐंशी डॉलर. अ‍ॅम्प्लिफायर एक, एकशे दहा. वायर आणि फ्यूज, चौदा. सगळं नाताळात तमाले वाफवून विकले त्या कमाईतून, आणि सगळं तुझ्या गाडीत बसवलं, तुला न विचारता. तुझी बोलणी मी मागाहून खाईन. आधी माझा संताप ऐक, कारण तो तुझ्या जहाजापर्यंत पोचवल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

रविवारच्या बाजारात ओल्गिन नावाचा एक माणूस पत्र्याच्या टपरीत गाड्यांचे रेडिओ विकतो. स्पीकरच्या कागदावर लिहिलं होतं, प्रत्येकाला सतत शंभर वॅट, चार ओहम. मी ते चिठ्ठीवर उतरवून नेलं, डॉक्टरची चिठ्ठी नेतात तसं. त्यानं चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर बोट आपटून म्हणाला, 'सेन्योरा, हजार वॅट! शेजाऱ्यांच्या खिडक्या नाचतील.' खोक्यावर खरंच हजार लिहिलं होतं, माझ्या तळहाताएवढ्या अक्षरांत. मला वाटलं, जास्त असलं तर बरंच; घेवडा शिजवताना मोठं पातेलं कधी नडत नाही.

बसवण्याआधी फादर पादियांकडून स्पीकरवर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. ते म्हणाले, 'डोन्या चोले, अहो, विजेच्या वस्तूवर पाणी?' मी म्हटलं, चारच थेंब, तेही कडेकडेनं. तिसऱ्या दिवशी उजवा स्पीकर जळका वास सोडून गप्प झाला. देव मला क्षमा करो, पहिला संशय त्या चार थेंबांचाच आला. आणि मूर्खासारखं मी ते ओल्गिनला सांगितलं! तो पोट धरून हसला. 'हजाराचा तडाखा त्या किडक्या स्पीकरला झेपेल होय? त्यात वर तुम्ही आंघोळ घातलीत! आजी, तुम्ही आपल्या टॉर्टिया लाटा.' टपरीतले चार पुरुष हसले. आजी! मी एकावन्न वर्षांची आहे.

फेलिपाची मुलगी निदिया आता स्वतःच्या गॅरेजात गाड्यांत रेडिओ बसवायची कामं करते. तिनं खोक्याच्या तळातून घडी घातलेला कागद काढला. चार ओहमवर सतत चाळीस. हजार म्हणे शिंकेपुरते, तेही कधी आले तर. 'चोलेमावशी,' ती म्हणाली, 'पाण्यानं नाही जळला, आणि जास्त ताकदीनंही नाही. अशक्त अ‍ॅम्प्लिफायरला शेवटच्या टोकापर्यंत पिळलं की आवाज फाटतो, आणि तो फाटका आवाज स्पीकर भाजून काढतो. तुमची चिठ्ठीच बरोबर होती. शंभरला शंभर, चारला चार, बस्स. पण मला सांगा, एवढं पिळलं कुणी? तुम्ही तर रोझरीची प्रार्थनासुद्धा हळू म्हणता.' मी कागदाची घडी घालून पिशवीत टाकली.

पुढच्या रविवारी तो कागद घेऊन मी ओल्गिनच्या टपरीसमोर उभी राहिले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवू लागले. खोक्यावर हजार, आत चाळीस. मोठ्यानं, बायबल वाचतात तसं. तिसरं गिऱ्हाईक परत फिरलं तसा तो म्हणाला, 'डोन्या, पुरे करा, पाया पडतो.' सतत शंभरचा अ‍ॅम्प्लिफायर दिला, वर एक स्पीकर दिला. या वेळी 'आजी' म्हणाला नाही. जळलेला स्पीकर मी अंजिराखाली पुरला. आशीर्वाद दिलेली वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत.

आता निदियाच्या प्रश्नाचं उत्तर. पिळलं तुझ्या बाबांनी, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवून. हो, त्यांनीच, ज्यांनी तुझ्या पहिल्या स्पीकरांच्या वायरी हातानं उपटून ते रस्त्यावर फेकले आणि ज्यांच्यामुळे तू त्याच आठवड्यात नौदलात नाव घातलंस. मला या रागाचाही राग आहे, चेमा, तुझ्या आणि त्यांच्या दोघांच्या. बंदरावरून फोन करतोस, ते कानाला लावतात, मान हलवतात आणि फोन माझ्याकडे देतात. मागच्या खेपेला तू म्हणालास, 'बाबा अजून बोलत नाहीत ना, मग मी तरी कशाला फोन करू?' त्यांचं न बोलणं हा राग नाही रे. खाणीत तीस वर्षं दगड फोडणाऱ्या यंत्राशेजारी उभं राहून त्यांचे कान गेलेत. फोनमधलं त्यांना काहीच कळत नाही. त्यांनी मला शपथ घातली होती की तुला सांगायचं नाही. ती आज मोडते. शनिवारी फादरांपुढे कबूल करीन.

दुपारी ते तुझ्या गाडीत जाऊन बसतात, पाठ सीटला टेकवून. जाड, खालचे आवाज अजून पोचतात त्यांना. नवा अ‍ॅम्प्लिफायर लागल्यावर परवा पहिल्यांदा एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि मला म्हणाले, 'चोले, हा गातोय काय ते कळतंय.' मग बराच वेळ गाडीतून उतरले नाहीत. तुझा आवाज त्या गाणाऱ्यापेक्षा जाड आहे. एक कोरी कॅसेट सोबत ठेवली आहे, गाडीत त्यांना ऐकवायला. रेकॉर्डर तोंडाजवळ धरून सावकाश बोल. काय बोलायचं ते तुझं तू ठरव. भांडायचं असेल तर भांड, पण त्यांना हाक मारून सुरुवात कर. आणि उलट टपाली धाड.

तुझीच,
आई