हातचा

नागपूर,
९ ऑगस्ट २०२५

चि. गोपिका,

आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझ्या भाऊजींचा गुडघा आता वळतो. नरखेडला बागेत संत्री बरी धरली आहेत, असं आपला जितू सांगत होता. फोन सोडून पत्र काहून, म्हणशील. सांगते.

यंदा आमच्या शाळेनं वर्गात टीव्ही लावला आणि मोबाइलवर गणिताचा ग्रुप काढला. अडलेल्या गणिताचा फोटो मुलं टाकतात, ग्रुपवरचं कुणीतरी आवाजात समजावून पाठवतं. मी नाक मुरडलं होतं. फुकट शिकवणारे गल्लोगल्ली असतात, असं मुख्याध्यापकांना तोंडावर म्हणाले. पण ज्या सहावीला साधी बेरीज येत नव्हती, ती महिन्याभरात भागाकारावर आली. मुलं एका ताईच्याच उत्तराची वाट बघायची. नाव नाही, नंबर दिसत नाही, नुसता शिलाई मशीनचा फोटो.

मंगळवारी सहावीतल्या उन्नतीचं गणित अडलं. तिनं ताईचा आवाज टीव्हीवर लावला.

“काहून भेऊन राहिली वं पोरी? हातचा ओटीत टाक, मंग पुढचा आकडा मिळव.”

माझ्या हातून खडू पडला. हातचा ओटीत टाकणाऱ्या जगात दोघीच. कापूस वेचता वेचता पाढे म्हणताना आपणच ते काढलं होतं. “मॅडम, का झालं?” म्हणत उन्नतीनं पाणी आणलं.

मग तिनंच तुला ग्रुपवर विचारलं, ताई, तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकल्या? तुझं उत्तर सगळ्या वर्गानं मोठ्यानं वाचलं. “दहावीच शिकली. कॉलेजचं बोलावणं आलंच नाही.”

आलं होतं, गोपिका.

पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं. त्या वर्षी मी दहावीला गणितात नापास झाले होते आणि धाकटी तू नागपूरला निघाली असतीस. चार दिवसांनी देऊ म्हणून पेटीत टाकलं. तोवर तारीख गेली, आणि मग तोंडच उरलं नाही. तू महिनाभर ओट्यावर पोस्टमनची वाट बघितलीस. मी शेजारी बसून “येईल वं” म्हणत होते. पुढच्या वर्षी माझं गणित तूच घोटून घेतलंस, म्हणून मी मास्तरीण झाले. मला माझीच किळस येते.

ते बोलावणं सोबत ठेवलं आहे. बावीस वर्षं हातचा ओटीत ठेवला, मिळवला नाही.

पुढच्या शनिवारी ताईला शाळेत बोलवायचं मुख्याध्यापकांनी ठरवलं आहे. मी तुला ओळखते, हे अजून कुणाला माहीत नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर मी त्या दिवशी रजा टाकते. पण ये. मुलांनी काही केलेलं नाही. ग्रुपही सोडू नकोस, सोडायचा तर मी सोडीन.

खाली ‘ताई’ लिहायला हात धजत नाही. ते आता मुलं तुला म्हणतात.

वंदना