शेंदराखालची हिरेव्वा

सोलापूर,
रविवार

प्रिय सिद्धू,

फोनवर तू ‘जेवलात का’ विचारतेस, मी हो म्हणतो आणि आपलं बोलणं तिथंच संपतं. म्हणून लिहितो आहे. मी बरा आहे. भाकरी स्वतः करतो, आता बऱ्यापैकी गोल होते. तुझी अव्वा गेली तरी तिच्या साड्या अजून कपाटातच आहेत. वाटून टाका असं तू सांगितलं होतंस, पण कुणाला कोणती द्यायची ते ठरत नाही.

गावची देवी हिरेव्वा चोरीला गेली हे तुला ठाऊक आहे. चोरांनी देवळातच तिचं शेंदराचं कवच फोडलं, चांदीचे डोळे तिथंच टाकले आणि नुसता दगड नेला. पुढचं तुला सांगितलं नव्हतं. टेंभुर्णीजवळ पोलिसांनी एक ट्रक धरला. कांद्याच्या पोत्यांखाली जुन्या मूर्ती होत्या, परदेशात जायच्या होत्या म्हणे. ओळख पटवायला गावोगावच्या लोकांना बोलावलं. आपले पोलीस पाटील तात्याबा काही जणांना घेऊन आले, मीही गेलो. समोर काळ्या दगडाची एक सडपातळ बाई उभी, हातात आरसा. तात्याबा तिला पुढून-मागून बघून म्हणाले, "ही आमची न्हाय साहेब. आमची लाल हाय, गरगरीत हाय. एवढ्या बारीक कमरेची देवी आमच्या गावात कुटली?" सगळे हसले आणि तसंच लिहून देऊन मोकळे झाले. त्यांना तरी काय म्हणायचं? पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत गेला, आतलं रूप त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

तू पाहिलं आहेस. सातवीत होतीस. त्या वर्षी पूजेचा मान आपल्या घराकडे होता आणि जड झालेलं कवच आपोआप गळून पडलं. रिवाजाप्रमाणे आम्ही पुरुष पाठ करून बाहेर उभे राहिलो. नवा शेंदूर चढवायला पडद्याआड तुझी अव्वा, गावातल्या गौरम्मा आजी आणि पाण्याची घागर घेऊन तू. आत काय दिसलं ते बायकांनी बाहेर सांगायचं नसतं. तुझ्या अव्वाने मला सांगितलं. घरी आल्यावर हाताचा शेंदूर पुसत म्हणाली, "आपली हिरेव्वा माझ्यासारखी डावखुरी हाय की. आरसा उजव्या हातात, कुंकू डाव्यानं लावतीय." डाव्या हाताने वाढते म्हणून माझ्या आईने तिला किती बोल लावले होते. त्या दिवशी मात्र ती खुशीत होती.

ट्रकमधली बाई डाव्या हाताने कुंकू लावते आहे. बाहेर आल्यावर मी तात्याबांना हे सांगितलं, तसे ते लिहून दिलेलं फिरवायला परत आत गेले. पण एका व्यापाऱ्याने मूर्ती आपण विकत घेतल्याचे कागद कोर्टात दिले आहेत, आणि माझं सांगणं ऐकीव ठरतं. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस उभं राहिलं नाही तर ती त्याला परत मिळेल. गौरम्मा आजींना आता घरची माणसंही ओळखू येत नाहीत. राहिलीस तू एकटी. आतलं बाहेर सांगायला गावाने तुला परवानगी दिली आहे. पोरीला कळवलं का, असं तात्याबा गणपतीपासून विचारतात. मी हो म्हणतो. कळवलं नव्हतं.

मूर्ती सध्या इथल्या एका सरकारी कोठाराच्या व्हरांड्यात ठेवली आहे. पहारेकरी निंगप्पा ओळखीचा झाला आहे, खुर्ची देतो. मी दुपारी जाऊन बसतो. तिथं कुणाशी बोलावं लागत नाही. ती आपली आरशात बघत असते. तू साक्ष दिलीस की ती गावी जाईल, आणि जायलाच हवी. पण पोचेल त्याच दिवशी पडदा लागेल, मी पाठ करून उभा राहीन, आणि वळेन तेव्हा ती लाल झालेली असेल. म्हणून इतके दिवस लांबवत होतो. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. सिद्धू, ये आणि ही आमचीच म्हणून सांग. फक्त एक दिवस आधी ये, आणि एक दुपार माझ्याबरोबर त्या व्हरांड्यात बस.

तुझाच,
अप्पा