भाऊजींच्या रिव्हॉल्व्हरची किंमत

प्रिय बडबडे,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली आणि चौकीतून सुटलेलं भाऊजींचं रिव्हॉल्व्हरही. येईल त्या किमतीला काढून टाक, घरात परत नको, एवढंच लिहिलंस. शाळेत बाई बाकावर उभं करायच्या तरी तुझं तोंड बंद व्हायचं नाही, आणि आता चार ओळी. उत्तराला उशीर झाला, कारण बरेच दिवस मी ते फडक्यातून सोडलंच नाही. दुकानात गिऱ्हाईक असलं की बरं वाटायचं. एकटी असले की त्या कपाटाकडे पाठ करून बसायचे, आणि पाठ केली की वाटायचं, भाऊजी काउंटरपाशी येऊन उभे आहेत, नेहमीसारखे संकोचून, जरा तेल हवं होतं म्हणत. दोनदा तर मी वळूनही पाहिलं.

जुनं हत्यार विकत घेताना मी त्याच्या रूपाला भुलत नाही, ही बाबांनी लावलेली शिस्त. मुलामा काय, कुणीही चढवून आणतो. मी नळीत उजेड धरून आतले पीळदार चर झिजलेत का ते बघते, घोडा ताणून गोळ्यांची चक्री डुगडुगते का ते बघते, मुठीचे स्क्रू कुणी अडाण्यासारखे खरवडलेत का ते बघते. त्यावरून किंमत कळते आणि पुष्कळदा मालकही कळतो. भाऊजींचं हत्यार वरून अगदी नव्यासारखं. रोकड गाडीवरची राखणदाराची नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी दर रविवारी पुसणारा माणूस तो. एका व्यापाऱ्याने ते नुसतं हातात घेतलं आणि चांगला आकडा बोलला. मी म्हटलं, अजून माझं बघून व्हायचंय. तो गेल्यावर मुठीची लाकडं उघडली. आत जे वाळून बसलं होतं ते मी स्वच्छ केलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, आणि तूही कधी विचारू नकोस. दुपारीच दुकान बंद करून घरी गेले.

मी तिथे नव्हते, तरी भाऊजी गेले ती सकाळ मला सारखी दिसते. तू सांगितलीस तशीच दिसते. तुमच्या थोरल्याच्या लग्नावरून तुमची नवरा-बायकोची वादावादी झाली, तू भाऊजींना काहीतरी लागेल असं बोललीस आणि पिशवी उचलून भाजीला गेलीस. परत आलीस तेव्हा टॉवेलवर पाच काडतुसं ओळीने मांडलेली होती, शेजारी तेलाची बाटली, आणि भाऊजी खुर्चीतच. लोकांना त्या पाचांचंच नवल. पाच काढली आणि एक ठेवलं म्हणजे ठरवूनच, असं तुझ्या सख्ख्या जावेने माझ्यासमोर म्हटलं. चौकीतल्या साहेबांनी कागदावर अपघात लिहिलं, ते तुझी दया येऊन लिहिलं, असं तू धरून चाललीस. आणि थोरला. "तू काय बोललीस त्यांना?" एवढं विचारून तो जो निघून गेला, तो अजून फिरकलेला नाही. तू त्याला उत्तर दिलं नाहीस. ते वाक्य मलाही सांगितलं नाहीस. मीही विचारणार नाही.

आता नीट वाच. चक्रीत गोळ्यांची सहा घरं असतात. पाच घरं आतून काचेसारखी आहेत, सहाव्यात गंजाने खड्डे पडलेत. डोळ्यांना पटकन कळत नाही, काडी फिरवली की खरखरतं. मी खऱ्या काडतुसांच्या वजनाची खोटी काडतुसं भरली आणि हत्यार उपडं केलं. पाच हातात पडली, सहावं आतच राहिलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तरी करत राहिले. सगळी काडतुसं एकदम बाहेर ढकलायला एक दांडी असते. ती भाऊजींच्या रिव्हॉल्व्हरची वाकलेली आहे आणि तिच्या टोकावर जुनी धूळ तेलात थिजून बसली आहे. म्हणजे ते दांडी दाबतच नव्हते, नुसतं हातावर उपडं करायचे. डोळ्यांत मोतीबिंदू. पुसून झालं की रिकामं समजून चाप ओढत बसायचे, त्या टकटकीचा तुला वैताग यायचा, हे तूच मला हसत सांगितलं होतंस. त्या रविवारी गंज वाढून सहावं पहिल्यांदाच अडकलं, आणि त्यांनी नेहमीचंच केलं असणार.

असणार, एवढंच म्हणते. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळायला मार्ग नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी जास्तीचं बोलले तर तू लगेच ओळखशील. पण एक काडतूस मुद्दाम ठेवलं, असं इथून पुढे कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव.

विकण्याचं म्हणशील, तर हे हत्यार मी कुणालाही विकणार नाही, मोडीतच घालावं लागेल. पण इतक्यात नाही. आज मी थोरल्यालाही पत्र टाकलंय. त्यात यातलं काही लिहिलं नाही, फक्त दुकानात येऊन जा, म्हटलंय. तो माझं ऐकेल, लहानपणापासून ऐकतो. तूही त्याच्याबरोबर ये. बोलायला जमलं नाही तर बोलू नकोस. मी ती खोटी काडतुसं भरून देईन, आणि तो स्वतःच्या हाताने उपडं करून बघेल. ते सहावं घर घासून गुळगुळीत करणं माझ्या अर्ध्या तासाचं काम आहे. मी केलेलं नाही. तुम्ही दोघं येईपर्यंत करणारही नाही.

तुझीच,
बंदूकवाली