हिरवा ठिपका लागला होता

३ फेब्रु., सोम.
ह्यांचा उजवा हात अजून तसाच. लकव्याला चार महिने होत आले.
दुपारी भासरे आले. ह्यांचे थोरले भाऊ, आमच्या फोटो स्टुडिओचं शटर, म्हणजे गाळाच, त्यांच्या नावावर. "काम बंद हाय तं शटर कायले अडवून ठेवता? जावयाले बियाण्याचं दुकान टाकाचं हाय."
मी चहा घेऊन दारात, पदर सावरून. वीस वर्षं झाली, भासऱ्यांशी मी समोरून बोलत नाही, तेही नाही. घरची रीत. आज मात्र राहवलं नाही. ह्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, "सांगा त्यांना, १२ तारखेच्या लग्नाचे फोटो मी काढते."
भासरे ह्यांनाच म्हणाले, "तिले जमते काय म्हणून विचार. माह्या दोस्ताची पोरगी हाय. बिघडलं तं शटर रिकामं करून द्या."
बोलून तर बसले.

५ फेब्रु.
शिकवणी. हे खाटेवर, कॅमेरा माझ्या हातात. काचेला डोळा लावून बटण अर्धं दाबलं की खाली हिरवा ठिपका. थांबला म्हणजे फोकस झाला, लुकलुकला तर नाही. फ्लॅशवरचा नारिंगी दिवा लागेपर्यंत थांबायचं. मागचा तांबडा चालू असेल तोवर कार्डाचं झाकण उघडायचं नाही, "जीव गेला तरी."
चिठ्ठी करून पिशवीत टाकली: हि. = दाब. ना. = दम धर. तां. = हात लावू नको.
सराव वांग्यांवर. चाळीस फोटो वांग्यांचे! ह्यांचा आवाज चढला. "अवं अर्धं दाब, अर्धं! बटन हाय ते, ठेचा कुटून राह्यली काय!"
"मग तुमीच काढा," म्हटलं. आणि जीभ चावली. हे भिंतीकडे तोंड करून झोपले.

१० फेब्रु.
पळती कोंबडी स्पष्ट आली. पीस न् पीस. हे हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

१२ फेब्रु., बुध.
लग्न झालं. पाय सुजलेत, तरी लिहिते.
नवरदेवाचा भाऊ मागे लागला, कार्ड द्या, मोबाइलात घेतो. तां. चालू! "हात लावून तं पाहा!" अख्खा मांडव माझ्याकडे बघायला लागला.
मंगलाष्टकं. नवरदेवाच्या मागे स्टुलावर उभी होते. अंतरपाटावरून पोरीचा चेहरा धरला, अर्धं दाबून ठेवलं. हि. घट्ट. पाट खाली जाऊ लागला, अक्षता, वाजंत्री, मी बोट न उचलता दाबत गेले. सात फोटो. ठिपका एकदाही हलला नाही.
भासरे लांबून बघत होते. देवा, जमलं.

१३ फेब्रु.
नाही जमलं.
कॉम्प्युटरवर मोठं करून पाहिलं. पहिल्या फोटोत अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक लख्ख. पुढच्या सहांत पाट नाही, आणि पोरीचा चेहरा पुसलेला. नाक कुठं, डोळे कुठं.
"ठिपका हिरवा होता हो! शप्पथ!"
"हिरवाच असन. पाटावर लागला फोकस. पाट गेला, पोरगी मांगंच राह्यली. बोट सोडून परत दाबा लागते तवा."
"मग हे सांगितलं काहून नाही मले?"
ह्यांनी डाव्या हातानं उजवा उचलून मांडीवर ठेवला. "सुचलंच नाही. ते हाताले माहीत होतं."
इतका राग आला होता, आणि एकदम रडूच आलं.

१४ फेब्रु.
हे म्हणतात, लहान करून अल्बमच्या कोपऱ्यात टाक, कोण पाह्यते? म्हटलं, पोरगी पाहील. आयुष्यभर पाहील.
"मंग शटर गेलं समज."
मला काय कळत नाही ते? पण लपवायचं नाही. नाही म्हणजे नाही.

१६ फेब्रु., रवि.
पोरगी परतणीला माहेरी आलीय म्हणून फोटोंचं पाकीट घेऊन गेले. अंगणात भासरे आधीच बसलेले.
आधी तोच पुसलेला फोटो दिला. पोरगी बघतच राहिली. "काकू, हे मी हाव?"
तिची आई म्हणाली, पुन्हा उभं करून काढा ना. पोरीच्या आत्यानं उडवून लावलं, "अंतरपाट काय दुसऱ्यांदा धरत असतेत?" पोरीनं फोटो उलटा करून ठेवला. बाकीचे पाहिले. "हे बरे हायत," हळूच म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.
भासऱ्यांनी उलटा फोटो उचलला. लांब धरला, जवळ धरला. चष्मा काढला, दुपट्ट्यानं पुसला, घातला. पुन्हा काढून पुसायला लागले.
मला सहन झालं नाही. पदर डोक्यावर होता, पण तोंड सरळ त्यांच्याकडे केलं.
"दादा, चष्म्याले काही झालं नाही. चूक माही हाय."
आत्याच्या हातातला कप तसाच राहिला. भासऱ्यांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. मग बाकीचे फोटो ओढले, एकेक करून सगळे बघितले.
"मंगळवारी येतो," म्हणाले. ह्यांना सांग, असं नाही. मलाच म्हणाले.
घरी येऊन ह्यांना सांगितलं. "काय ठरवलं त्यानं?" माहीत नाही. शटरची किल्ली अजून माझ्या कमरेला आहे. मंगळवार परवा.