दादांची डावी बाजू

रत्नागिरी,
१२ ऑगस्ट २०२४

ती. सौ. विमलवहिनींस,
पुष्पाचा सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, सोयाबीन निघालं की बघू. सोयाबीन निघालं की हरभरा पेरायचा असतो, वहिनी. डोणगावातलं कोणतं पीक निघाल्यावर माणूस मोकळं होतं, ते एकदा कळवा. मी काही वाट पाहिली नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली पनवेल ते रत्नागिरी दोन तिकिटं काढून टाकली. पितृपक्ष आहे म्हणून मिळाली, एरवी या गाडीला जागा नसते. गणेश त्याच्या गाडीतून तुम्हाला पनवेलपर्यंत आणून सोडेल. मुलगा तुमचा असला तरी ऐकतो आत्याचं, म्हणून सगळं परस्पर ठरवून टाकलं.

आता जागांचं. शाळेपायी मी वर्षानुवर्षं या रुळांवरून जा-ये करते, तेव्हा यात तरी माझं ऐका. पनवेल सोडलं की डाव्या हाताला डोंगर सुरू होतात आणि या दिवसांत त्यांच्यावरून धबधबे उतरत असतात. उजव्या हाताला नद्या, खाड्या. त्याही सुंदर, पण येतात आणि जातात. नशिबाने डावीकडचीच खिडकी आणि तिच्या शेजारची जागा पडली आहे. खिडकी दादाला, शेजारची जागा तुम्हाला. मेहकर आगाराच्या गाड्यांतून त्याने जन्मभर उभ्याने तिकिटं फाडली. आपल्या माणसांसाठी पुढच्या सीटवर स्वतःची दस्ती टाकून जागा धरली, पण स्वतः कधी खिडकीशी बसला नाही. आता बसू दे.

झटका आल्यापासून मी त्याला एकदाच पाहिलं, तेही दवाखान्यात. फोनवर तर अगदी पूर्वीसारखा बोलतो. डावा हात तेवढा अधू राहिला ना? तो काय, खिडकीच्या कठड्यावर ठेवता येईल. तुमच्या होकाराची वाट पाहत नाही, कारण तिकिटं निघाली आहेत.

माया पातळ करू नका, एवढंच मागणं.
आपली,
पुष्पा

•

डोणगाव,
२० ऑगस्ट २०२४

चि. सौ. पुष्पास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी तिकिटं काढायची आणि मग विचारायचं, ही तुझी रीत तुझ्या वेण्या मी घालत होते तेव्हापासूनची आहे. आधी मैत्रिणीला घरी आणायचीस आणि मग विचारायचीस, वहिनी, हिला जेवायला थांबवू का. तेव्हाही नाही म्हणता आलं नाही.

पत्र लिहिते आहे, कारण फोन तुझ्या दादांच्या उशाशी असतो आणि कायम स्पीकरवर असतो. जे सांगायचं ते त्यांच्यादेखत सांगता येत नाही.

डावीकडची खिडकी चालणार नाही, पुष्पा. हात अधू झाला ते खरं, पण खरं दुखणं तेवढंच नाही. त्यांना डावी बाजूच राहिली नाही. डोळे चांगले आहेत. पण डॉक्टर म्हणाले, डावीकडे जग आहे हेच त्यांचा मेंदू धरत नाही. जेवायला बसले की ताटातलं उजवीकडचं सगळं संपवतात आणि डावीकडे भाजी तशीच असताना विचारतात, भाजी काऊन नाही वाढली. मग मी ताट फिरवते आणि पुन्हा जेवण सुरू होतं. दाढी अर्धीच करतात, अर्धी मी पुरी करते. कोणी डावीकडून रामराम घातला तर यांना पत्ताच नसतो, आणि गावात बोभाटा की निवृत्तीभाऊले पेन्शनीचा माज आला. मी डावीकडे उभी असले तरी हाका मारत राहतात, विमल, कुठं गेली वं. मी हातभर अंतरावर असते. उजवीकडे फिरून गेले की म्हणतात, इतका येळ कुठं व्हती.

तू डावीकडच्या खिडकीशी बसवशील तर ते रत्नागिरीपर्यंत डब्याचा दरवाजा आणि चहावाला बघत येतील. काढायचीच असतील तर उजवीकडची काढ, नाहीतर राहू दे.

मी बरी आहे, असं लिहून पत्र मिटणार होते. पण बरी नाही. आजारीही नाही, दमले आहे. झोपेतसुद्धा एक कान त्यांच्या खाटेकडे असतो. एवढं तुला सांगितलं, दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. गणेशला तर मुळीच कळवू नकोस, तो नोकरी टाकून येऊन बसेल.

लेकरांना गोड पापा. आठवण ठेवतेस, ती अशीच ठेव.
तुझी,
वहिनी

•

रत्नागिरी,
२८ ऑगस्ट २०२४

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शाळेत मिळालं. मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा तास मुलांना शुद्धलेखन देऊन बसून राहिले. मी दर रविवारी दादाशी बोलते, हसते, फोन ठेवते, आणि मला वाटतं आपण भावाची चौकशी केली. मला लाज वाटली, वहिनी.

आधीची तिकिटं रद्द केली. या गाडीत जागा आपल्याला नेमकी निवडता येत नाही, खिडकी हवी एवढंच सांगता येतं. म्हणून या खेपेला दोन्ही तिकिटांना खिडकी मागितली, म्हणजे एक तरी उजवी पडेल. तशी पडली. दादाला उजवीकडची खिडकी मिळाली. खुर्चीचं तोंड गाडीच्या तोंडाकडे आहे, हेही आमच्या ह्यांनी ओळखीच्या एका टीसीला विचारून घेतलं. खुर्ची उलटी असती तर उजवीची डावी झाली असती आणि माझी अक्कल पुन्हा निघाली असती. त्याला डोंगर दिसायचे नाहीत, पण खाड्या दिसतील.

तुमची खिडकी मात्र त्याच रांगेत, पण मधल्या वाटेच्या पलीकडे, डावीकडे आली आहे. त्याची काळजी नको. दादाच्या शेजारी जो कोणी असेल त्याला म्हणायचं, माझी खिडकी घ्या आणि मला तुमची जागा द्या. खिडकी मिळत असताना नाही म्हणणारा माणूस अजून जन्मला नाही. तुम्हाला संकोच वाटत असेल तर मी तुम्हाला एक चिठ्ठी लिहून देते, ती पुढे करा.

मी तुमच्या दमण्याबद्दल काय लिहू? इथे आल्यावर आठ दिवस त्याचं सगळं मी करीन. तुम्ही फक्त झोपा.

दूर असले तरी मला तुमच्यातली समजा.
आपली,
पुष्पा

•

डोणगाव,
४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. पुष्पास,
अ. उ. आ.

या कागदाच्या उजव्या अर्ध्यात तुझ्या दादांचं पत्र आहे. पोळ्याची पुरणपोळी झाल्यावर त्यांना हुक्की आली, पुष्पीले चार ओळी लिहितो म्हणाले. खाडी म्हणजे नदी की समुद्र, पाणी गोड की खारट, हे त्यांना आधी कळलं पाहिजे. कागद भरला म्हणून त्यांनी तो मला पाकिटात घालायला दिला. डावा अर्धा कोराच आहे, त्यात मी लिहिते आहे. ते माझ्या शेजारी बसले आहेत, कागद त्यांच्यासमोरच आहे, पण त्यांच्या लेखी मी लिहिते तो भाग नाही. म्हणून मोकळेपणाने लिहिते.

जागा बदलायला सांगू नकोस. चिठ्ठी तर मुळीच देऊ नकोस. मला ती वाटेच्या पलीकडची खिडकी राहू दे.

तू काय म्हणशील ते मला कळतं. पण ऐक. दुपारी कधीकधी मी त्यांच्या डाव्या अंगाला खुर्ची टाकून बसते. काही करत नाही, नुसती बसते. ते रेडिओ ऐकतात, मी त्यांना दिसत असते आणि नसतेही. पडायला लागले तर धरता येईल इतकी जवळ असते. पण तेवढा वेळ मी कोणाची कोणी नसते. मायबाप गेल्यापासून मला माहेर उरलं नाही. आता त्यांची डावी बाजू हेच माझं माहेर झालं आहे.

गाडीत त्यांना पाणी देईन, गोळी देईन, लघवीला नेऊन आणीन. बाकीचा वेळ मला त्या खिडकीशी बसू दे. मला डोंगर बघायचे आहेत असंही नाही. कोणी हाक मारली तरी ती मला नाही असं समजून चार तास बसायचं आहे. तू त्यांची बहीण आहेस, तुला राग येईल. आला तर मनात ठेवू नकोस, कळव.

लोभ धरतेस की सोडतेस, ते तुझ्यावर.
तुझी,
विमल

•

रत्नागिरी,
१३ सप्टेंबर २०२४

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

राग आला. कळव म्हणालात म्हणून कळवते. माझा भाऊ हाका मारतोय आणि समोर बसलेलं माणूस ओ देत नाही, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. गौरी घरात असताना मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. गौरींना भाकरीचा नैवेद्य दाखवायचा राहिला, त्याचं खापर मी तुमच्यावर फोडलं.

काल गौरी गेल्या आणि घर आवरताना मी एवढी वैतागले की लेकीने हाक मारली ती ऐकू येऊनही आत पडून राहिले. तीन दिवसांच्या पाहुण्यांनी माझी ही गत. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं.

जागा आहेत तशाच राहतील. दादाला सांगितलं आहे की तुमची जागा जवळच आहे, कुठे ते मुद्दाम बोलले नाही. त्याला कळवा, खाडीचं पाणी खारट असतं आणि भरती-ओहोटी असते. डब्यात दशम्या आणा, गाडीतलं खाणं त्याला सोसायचं नाही.

तुम्ही आलात की भांडण मिटलं असं समजेन.
आपली,
पुष्पा

•

डोणगाव,
१५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. पुष्पास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो, दसराही झाला. सोयाबीन भिजलं थोडं, पण घरात आलं. तुझ्याकडे आठ दिवस जी झोपले, तेवढी लग्नानंतर कधी झोपले नव्हते. तुझ्या घरचे मला आळशी म्हणत असतील तर म्हणू देत. तुझ्या दादांचं तू ज्या मायेने केलंस, ते मी बोलले नाही पण पाहिलं. ताट फिरवायचं तू दोनच जेवणांत शिकलीस.

एक गोष्ट मात्र तिथे सांगितली नाही. तू रोज विचारायचीस, वहिनी, गाडीत काही झालं का, आणि मी नाही म्हणायचे. आता सांगते.

पनवेलला गणेशने त्यांना खिडकीशी नीट बसवलं. शेजारच्या जागेवर चिपळूणला उतरणारी एक बाई होती, बरोबर फुलझाडांची रोपं घेऊन. मी पलीकडे माझ्या खिडकीशी बसले. गाडी निघाली आणि खरंच डोंगर आले, पाणी आलं, बोगदे आले. सुरुवातीला ते मला हाका मारत होते. खाडी पाह्य वं, किती रुंद आहे. मी ओ दिली नाही. दोन हाका झाल्या, तीन झाल्या, मग थांबल्या. मला वाटलं होतं तसंच झालं, हलकं वाटलं. मग अगदी वाईट वाटलं. तरी उठले नाही.

रोपंवाल्या बाईने पुढे वाकून, त्यांच्या तोंडासमोर येऊन विचारलं, तुमच्यासोबत कोणी नाही का. तुझे दादा म्हणाले, व्हती, बायको व्हती संगं. दिसून नाही राह्यली. मंधातच उतरली वाटते. बाईने माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनीच राहू द्या म्हटलं. तिला काय वाटलं असेल, देव जाणे. ती म्हणाली, असं कसं काका, मध्येच कशी उतरेल. तर ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, उतरली असन तं बरं झालं, बाई. लय थकली व्हती थे. सांगत नाही, पण मले समजते. माह्या हातात घंटी असती तं म्याच मारली असती, आन् तिचं गाव येईल तिथं गाडी थांबवून तिले उतरून देल्ली असती.

गाडी बोगद्यात होती आणि मी रडत होते. त्यांना माझी डावी बाजू ठाऊक होती, पुष्पा. ती त्यांनीच मला देऊन ठेवली होती की काय, कोण जाणे. विचारायची हिंमत अजून झाली नाही.

बोगदा संपल्यावर मी उठले. बाईला माझी खिडकी दिली, तिने रोपांसकट आनंदाने घेतली. ह्यांना म्हटलं, जरा इकडे सरका, आणि त्यांना तिच्या जागेवर सरकवून खिडकीशी मी बसले, म्हणजे त्यांच्या उजव्या अंगाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुठे होतीस, हे विचारलं नाही. सरक थोडी, मले पाणी दिसू दे, एवढंच म्हणाले. मी खुर्चीला पाठ टेकून मागे सरले, आणि तशीच झोपी गेले. स्टेशनवर तू विचारलंस, वहिनी, कसं दिसलं सगळं, आणि मी छान म्हणाले. चिपळूण कधी गेलं, मला माहीत नाही. रत्नागिरी आली तेव्हा त्यांनी मला हलवून उठवलं. तोवर हाक मारली नव्हती.

या रविवारी फोन केलास की आधी त्यांच्याशी बोल. मग फोन वहिनीला दे म्हण, मी ओ देईन.
तुझीच,
विमलवहिनी